क्लिपलेस पेडल घेताना

बुटाच्या तळाची क्लीट पेडलमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. स्कीची बाइंडिंग बनवणाऱ्या फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ मध्ये हे तंत्र रोड बाइकवर आणलं. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने तीच पेडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली.

आधी बुटाचा तळ पाहा. स्क्रूसाठी तीन भोकं असतील तर शिमानो एसपीडी-एसएल किंवा लुक किओ, दोन असतील तर एसपीडी. तीन स्क्रूंची क्लीट रुंद असते, पायाचा जोर मोठ्या भागावर पसरतो. पण ती तळाबाहेर येत असल्याने फरशीवर पाय सटकतो. एसपीडीची छोटी क्लीट बहुतेक बुटांत रबरी तळात दडलेली असते. लांबच्या राइडला चहा-नाश्त्यासाठी वरचेवर उतरणाऱ्यांनी रोड बाइकलाही खुशाल एसपीडी लावावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्लीटचा रंग शोभेसाठी नसतो. शिमानोची पिवळी क्लीट पाय ६ अंश वळू देते, निळी २, लाल अजिबात नाही. लुक किओत उलट लाल ९ अंशांची, करडी ४.५ आणि काळी शून्य! पाय चुकीच्या कोनात जखडला तर गुडघा दुखायला लागतो, म्हणून शिमानो घेणाऱ्या नवख्याने पिवळीच घ्यावी.

पकडीचा स्क्रू सुरुवातीला सैल ठेवा आणि भिंतीला धरून पाय सोडवायचा सराव करा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते बसवताना जबरदस्ती करू नका.