वळण लागले, तरी बाळ जागते

गेल्या श्रावणात आमची कन्या नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन बडोद्याहून सिल्वासास आली, तेव्हा दुपटी-झबल्यांच्या पिशवीत एक वही होती. नात किती वाजता निजली, किती वेळा उठली, किती मिनिटे रडली, याची तीत रीतसर नोंद. सातव्या महिन्यात कन्येने बाळाला झोपेचे वळण लावले होते. बाळाला जागेपणीच बिछान्यावर ठेवायचे. रडले तर आधी तीन मिनिटे, मग पाच, मग दहा मिनिटे थांबून जवळ जायचे, थोपटायचे, पण उचलायचे नाही. बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ सालच्या पुस्तकाने ही रीत सर्वदूर नेली. चार रात्री घर रडण्याने दुमदुमले आणि पाचव्या रात्री नात मुकाट निजली, असे वही सांगत होती.

आमच्या घरी आठवड्याभरातच ती वही मिटली. आधी प्रवास, मग तीन दिवसांचा ताप, आणि ताप उतरल्यावरही रात्रीतून सहा-सहा वेळा जाग. "बाबा, सगळं मुसळ केरात गेलं," असे म्हणून एका रात्री बाराच्या सुमारास कन्या ओटीवर येऊन बसली. पंधरा दिवसांनी तिला कामावर रुजू व्हायचे होते. आपण आई म्हणून उणे पडलो, हे तिने मनाशी ठरवूनच टाकले होते.

तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर कारखान्याची बस थांबली. दुसरी पाळी संपवून चार-पाच बायका उतरल्या व झपाझप घराकडे निघाल्या. आमच्या गावात आता हे नित्याचे दृश्य. त्यांना पाहून आम्हांस मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तेथील कामकरी बायका पहाटेच्या भोंग्याला हजर राहता यावे म्हणून तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी सरकारसाठी पाहणी केली, तेव्हा कामकरी स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. त्या आया निर्दय नव्हत्या. न झोपणारे मूल आणि न चुकणारा भोंगा यांच्यामध्ये त्या सापडल्या होत्या. अफू गेली, तरी खोकल्याच्या औषधाचा एखादा चमचा देऊन मुलाला गुंगवण्याचा मोह अजून गेलेला नाही. तो कटाक्षाने टाळावा.

कन्येला आम्ही जे सांगितले ते आधी आम्हांलाही नव्याने वाचावे लागले. रात्रभर अखंड झोपणारे बाळ ही बहुतांशी समजूत आहे. थॉमस अँडर्स या अमेरिकन वैद्यांनी १९७९ साली निजलेल्या बाळांचे रात्रभर चित्रण केले. 'आमचे बाळ झोपते' म्हणणाऱ्यांचीही बाळे जागी होत. फक्त काही न रडता पुन्हा निजत, काही हाक मारीत. कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या शंभरांतील सुमारे अडतीस बाळे सलग सहा तास झोपत नव्हती, आणि वर्षाची झाल्यावरही अठ्ठावीस. तान्ह्या बाळाच्या झोपेचे एक आवर्तन तासाभराच्या आतबाहेर संपते, व त्या सांध्यावर जाग येणे स्वाभाविकच. वळण लावून ही जाग बंद होत नाही. जाग आल्यावर पुन्हा निजण्याची कला तेवढी येते.

मग आलेली कला गेली कुठे? येथे आम्हांस कबुली दिली पाहिजे. तापाच्या दिवसांत आम्हीच जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. ताप गेला, झोळी राहिली. आजोबांनी झोके द्यावेत, नातीने डोळे मिटावेत, मग अलगद उचलून बिछान्यावर ठेवावे. आम्हांस त्यात परमानंद! वापीहून रात्रीच्या गाडीत निजलेला माणूस गाडी आडरानात थांबली की दचकून उठतो. धावण्याने नव्हे, थांबण्याने त्याची झोप मोडते. नातीचे तेच होत होते. दर तासाने तिची गाडी थांबे आणि झोका कुठे गेला म्हणून ती टाहो फोडी.

दुसऱ्या दिवशी आधी डॉक्टरांकडून कान तपासून घेतला, कारण दुखणे असेल तर वळणाची भाषा व्यर्थ. झोळी दिवसापुरती ठेवली, तीही कोणीतरी समोर असतानाच. संध्याकाळची डुलकी बंद केली. दूध निजण्याआधी अर्धा तास, मग मंद दिवा, आजीची रोजची तीच अंगाई, आणि पाठीवर निजवून छातीवर हात. उशी नाही, गोधडीचा ढीग नाही. रात्री हुंदका ऐकू आला तरी दोन मिनिटे कोणी उठायचे नाही; पुष्कळदा तो जागेपणीचा नसतोच. हा नियम पाळताना सर्वांत कठीण गेले ते आम्हांस. आयुष्यभर वर्गाला शिस्त लावणाऱ्याला सौभाग्यवतींनी दोनदा दाराशी अडवले!

नऊ महिन्यांचे बाळ दृष्टीआड गेलेली आईही कुठेतरी आहे हे ओळखू लागते, म्हणून रात्री तिला शोधते. यासाठी दिवसा भरपूर बुवाकुक खेळावे. सहा महिन्यांच्या आतील मुलाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला रात्रीही भूक लागते, तेव्हा मिनिटे न मोजता पाजावे. आणि ज्या घरी असे वळण लावले त्यांनी मनाला खात बसू नये. ऑस्ट्रेलियात अशी मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिली, तेव्हा ती इतर मुलांहून वेगळी आढळली नाहीत. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले आहे. वळण न लावणाऱ्यांनाही त्यात तितकाच दिलासा आहे.

परमुलखात संसार थाटलेल्या आपल्या मुलींच्या उशाशी रात्री दोन वाजता आजी नसते, वहीच असते. म्हणून कन्या निघाली तेव्हा आम्ही जावईबापूंस एकच विनंती केली, की पहिली जाग आईने पाहावी, दुसरी त्यांनी.

रविवारी फोन आला. आदल्या रात्री नात दोनदा उठली होती. एकदा दुधासाठी, आणि दुसऱ्यांदा का, ते जावईबापूंना कळले नाही. ते जागे होऊन पोहोचेपर्यंत ती पुन्हा निजली होती.