थीम पार्कमधील अन्नाचा दर्जा व मांडणी : युरो डिस्नेच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

बीजशब्द : थीम पार्क, पर्यटन, भोजनव्यवस्था, अन्नाचा दर्जा, मांडणी, सेवा-नियोजन

प्रस्तावना

थीम पार्क हा आधुनिक पर्यटन उद्योगातील एक महत्त्वाचा घटक होय. मध्यमवर्गीय कुटुंब अशा सहलीसाठी महिनोन्‌महिने पैसे बाजूला काढते. तेथील देखावे, संगीत, स्वच्छता व रंगसंगती यांवर बारकाईने विचार केलेला असतो. मात्र त्याच ठिकाणी ताटात येणारे अन्न पुष्कळदा निराशा करणारे असते. कोमट पदार्थ, मऊ पडलेले बटाट्याचे काप, कागदी ताटलीत घाईने टाकलेला घास आणि या सर्वांसाठी मोजावी लागणारी चढी किंमत, असा हा अनुभव असतो.

याची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. एक, व्यवस्थापनाची नफेखोरी; दुसरे, स्वयंपाकी व वाढपी यांचा निष्काळजीपणा. या दोहोंत तथ्य नाही असे नाही. तथापि अन्नाच्या निकृष्टतेचे मुख्य कारण पुष्कळदा स्वयंपाकघराच्या बाहेर असते. जेवणारा केव्हा जेवेल, किती वेळ बसेल आणि जेवणाकडून त्याची अपेक्षा काय असेल, याविषयी नियोजनाच्या टप्प्यावर धरलेली चुकीची गृहीतके अखेर ताटात उतरतात. फ्रान्समधील युरो डिस्ने रिसॉर्टच्या आधारे ही बाब स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

थीम पार्क आणि चांगले अन्न यांचे स्वभावतःच वैर आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ब्युना पार्क येथे नॉट दांपत्याची बेरीफळांची शेती होती. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, कॉर्डेलिया नॉट यांनी तळलेल्या कोंबडीचे जेवण विकण्यास प्रारंभ केला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी अवघी आठ जेवणे, प्रत्येकी ६५ सेंटला, आपल्या लग्नातील चिनी मातीच्या भांड्यांतून वाढली. पुढे गर्दी एवढी वाढली की लोकांना तासन्‌तास थांबावे लागे. त्यांच्या करमणुकीसाठी वॉल्टर नॉट यांनी १९४० मध्ये जुन्या खाणवस्तीच्या धर्तीवर ‘घोस्ट टाउन’ उभारण्यास आरंभ केला. आजच्या नॉट्स बेरी फार्म या उद्यानाचा उगम असा जेवणाच्या रांगेत आहे.

पुढील काळात हा क्रम उलटला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा अपेक्षेहून कितीतरी अधिक लोक आले आणि उपाहारगृहांतील खाद्यपदार्थ संपून गेले. उद्यान हे प्रमुख आकर्षण व अन्न ही आनुषंगिक सोय, असा क्रम लागला की भोजनव्यवस्थेचे नियोजन अंदाजावर सोडले जाते, याचे हे आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

बंदिस्त ग्राहक

बाजारपेठेतील उपाहारगृहाचे अन्न बिघडले तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. थीम पार्कमध्ये ही शक्यता जवळजवळ नसते. प्रवेशशुल्क आधीच भरलेले असते, बाहेर जाऊन परत येण्यात वेळ मोडतो आणि सोबत भुकेली मुले असतात. शिवाय दूरवरून आलेला पर्यटक पुन्हा केव्हा येईल हे अनिश्चित असते. त्यामुळे निकृष्ट अन्नाची बाजारपेठेकडून होणारी शिक्षा तत्काळ मिळत नाही. ती उशिरा मिळते. पाहुणा मुक्काम आखडता घेतो, खाण्यावर कमी खर्च करतो आणि परिचितांना सावध करतो. हिशेबाच्या वहीत हे नुकसान ‘अन्न’ या सदराखाली नोंदलेही जात नाही.

युरो डिस्ने : न्याहारीचे गणित

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ३२ किलोमीटर अंतरावरील मार्न-ला-व्हाले येथे १२ एप्रिल १९९२ रोजी युरो डिस्ने सुरू झाले. उद्यानालगतच्या हॉटेलांत सुमारे ५,२०० खोल्या होत्या. युरोपीय माणूस सकाळी फारसे खात नाही, असे नियोजनकर्त्यांना सांगण्यात आले होते. त्यानुसार हॉटेलांतील उपाहारगृहे लहान ठेवण्यात आली. प्रत्यक्षात बहुतेक पाहुणे न्याहारीस येऊ लागले. त्यांना केवळ कॉफी व क्रोसाँ नव्हे, तर अंडी व बेकनसह भरपेट न्याहारी हवी होती. काही हॉटेलांत ३५० आसनांच्या उपाहारगृहात सुमारे २,५०० न्याहाऱ्या देण्याचा प्रसंग येत असे, असे त्या वेळी व्यवस्थापनाकडूनच सांगण्यात आले होते.

या आकड्यांचा अर्थ साध्या भागाकाराने समजतो. २,५०० पाहुण्यांसाठी प्रत्येक आसन सात वेळांहून अधिक भरले व रिकामे झाले पाहिजे. प्रत्येक पाहुणा अर्धा तास बसला तर यास साडेतीन तासांहून अधिक काळ लागतो. पाऊण तास बसला तर सव्वापाच तासांहून अधिक. उद्यान उघडण्यापूर्वीच्या दोन तासांत सर्वांना न्याहारी हवी असेल, तर अर्ध्या तासाच्या हिशेबाने फक्त १,४०० पाहुण्यांची सोय होते. उरलेले १,१०० पाहुणे रांगेत राहतात.

अशा स्थितीत आसने लगेच वाढविता येत नाहीत आणि घड्याळही थांबविता येत नाही. तडजोड होऊ शकते ती केवळ अन्नाच्या बाबतीत. युरो डिस्नेमध्येही तसेच घडले. आधीच बांधून ठेवलेल्या न्याहारीची पाकिटे खोल्यांत व अन्य ठिकाणी पोहोचविण्यात आली. तातडीचा उपाय म्हणून तो योग्यच होता. परंतु ताजे शिजवलेले अन्न व मांडलेले मेज यांची जागा पाकिटाने घेतली, हेही तितकेच खरे. स्वयंपाक्याचे कौशल्य येथे उणे पडले नव्हते. आराखड्यातील आसनसंख्या उणी पडली होती.

भोजनाची वेळ आणि संस्कृती

दुपारच्या जेवणाबाबतही असाच अनुभव आला. अमेरिकन उद्यानांत लोक दिवसभर हिंडता-फिरता थोडेथोडे खातात. फ्रेंच पाहुण्यांना मात्र साडेबाराच्या सुमारास, तेही बसून, जेवायचे होते. एकाच वेळी सर्व उपाहारगृहांपुढे रांगा लागल्या आणि त्या पाहुण्यांच्या संतापाला तोंड द्यावे लागले ते आराखड्याशी काहीही संबंध नसलेल्या काउंटरवरील कर्मचाऱ्यांना.

आरंभी उद्यानात मद्य न देण्याचे धोरण होते. जेवणासोबत वाइन हा फ्रेंच भोजनपरंपरेचा सहज भाग असल्याने त्यावर टीका झाली आणि १९९३ मध्ये हे धोरण बदलण्यात आले. फ्रेंच भोजनपरंपरेचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्यात पदार्थांइतकेच महत्त्व पदार्थांचा क्रम, मेजाची मांडणी व एकत्र बसून जेवणे यांस आहे. ज्या समाजात भोजनाची कल्पना एवढी व्यापक आहे, तेथे त्यास केवळ ‘इंधन भरण्याची’ क्रिया मानणारी व्यवस्था अपुरी ठरणे स्वाभाविक होते.

थांबलेल्या अन्नाचे विज्ञान

गर्दीची वेळ निभावण्यासाठी अन्न आधी तयार करून गरम ठेवणे हा सर्वत्र रूढ असलेला मार्ग होय. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने यासाठी स्पष्ट निकष आहेत. फ्रान्समध्ये गरम अन्न वाढेपर्यंत किमान ६३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे अपेक्षित असते. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी विकसित झालेली ‘एचएसीसीपी’ ही धोकानियंत्रण पद्धती युरोपीय संघाच्या २००४ च्या ८५२ क्रमांकाच्या नियमावलीने अन्नव्यावसायिकांना बंधनकारक केली असून ती १ जानेवारी २००६ पासून लागू आहे.

मात्र सुरक्षित अन्न आणि चांगले अन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या उष्णतेमुळे जीवाणूंची वाढ रोखली जाते, तीच उष्णता रंग, पोत व चव यांचा ऱ्हास घडविते. तळलेल्या बटाट्याच्या आतील ओलावा हळूहळू कडक आवरणात शिरतो व काप मऊ पडतात. हिरव्या भाज्यांतील हरितद्रव्याचे रूपांतर होऊन त्यांस मळकट तपकिरी-हिरवी छटा येते. अंडी फार वेळ गरम ठेवल्यास त्यांतील लोह व गंधक यांच्या संयोगाने आयर्न सल्फाइड तयार होऊन त्यांवर हिरवट-करडी झाक दिसते. हे सर्व अन्न तपासणीत निर्दोष ठरू शकते. तरीही ते खाणाऱ्यास बेचव व शिळे वाटते. म्हणून ‘आमचे अन्न नियमानुसार सुरक्षित आहे’ हे उत्तर सत्य असूनही तक्रारीचे निरसन करीत नाही.

मांडणीचे मोल

मांडणी म्हणजे केवळ सजावट नव्हे. पदार्थ कोणत्या भांड्यात, कोणत्या तापमानात व किती निगुतीने समोर ठेवला, यावरून आपली दखल घेतली गेली की नाही हे पाहुणा ठरवितो. कॉर्डेलिया नॉट यांच्या लग्नातील भांड्यांचे महत्त्व येथेच आहे. थीम पार्कमध्ये विसंगती अशी की भिंतींच्या सजावटीवर अमाप कष्ट घेतले जातात आणि ताटली मात्र एकदा वापरून फेकण्याची असते.

या संदर्भात फ्रान्समधील एक कायदेशीर बदल उल्लेखनीय आहे. कचरा कमी करण्याच्या हेतूने, २० वा अधिक आसनांच्या उपाहारगृहांत बसून खाणाऱ्यांना पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्यांतच अन्न देण्याचे बंधन १ जानेवारी २०२३ पासून घालण्यात आले. पर्यावरणासाठी केलेल्या या नियमाने झटपट खाद्यगृहांतील ताटासही काही प्रमाणात प्रतिष्ठा मिळवून दिली.

अर्थकारण व सुधारणेची दिशा

३० सप्टेंबर १९९३ रोजी संपलेल्या वर्षात युरो डिस्नेला सुमारे ५.३ अब्ज फ्रँकचा तोटा झाला. त्याचे खापर भोजनव्यवस्थेवर फोडणे अयोग्य ठरेल. कर्जावरील व्याज, युरोपातील मंदी, हॉटेलांचे चढे दर व अपेक्षेहून कमी दिवसांचा मुक्काम ही त्यामागील कारणे होती. परंतु पाहुण्याच्या सवयी न ओळखण्याची जी वृत्ती इतरत्र दिसली, तिचे सर्वांत ठळक रूप भोजनगृहात दिसले. १९९४ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, त्याच वर्षी ‘डिस्नेलँड पॅरिस’ हे नाव स्वीकारण्यात आले आणि १९९५ च्या आर्थिक वर्षात प्रथमच नफा नोंदला गेला.

वरील विवेचनावरून सुधारणेची दिशाही स्पष्ट होते. पहिली बाब, आसनसंख्या सरासरीवरून नव्हे तर गर्दीच्या तासावरून ठरविली पाहिजे. दुसरी, पदार्थांची यादी आखताना थांबल्यावरही टिकणारे पदार्थ व मागणीनंतरच करावयाचे पदार्थ यांची विभागणी हवी. तिसरी, मागणी वेळेत पसरविली पाहिजे. २०१७ पासून फ्लोरिडातील डिस्ने उद्यानांत मोबाइलवरून आगाऊ मागणी नोंदविण्याची सोय झाली, ती याच प्रकारची होय. चौथी बाब, तक्रारींची नोंद कर्मचाऱ्यांच्या वर्तनाबरोबरच वेळ व तापमान यांच्याशी जोडून ठेवली पाहिजे.

निष्कर्ष

थीम पार्कमधील निकृष्ट अन्न ही अपरिहार्य बाब नाही व ती केवळ पाककौशल्याची समस्याही नाही. बंदिस्त ग्राहकामुळे सुधारण्याची निकड जाणवत नाही, चुकीच्या गृहीतकांमुळे गर्दी एकवटते, गर्दीमुळे अन्न थांबवून ठेवावे लागते आणि थांबलेले अन्न दर्जा गमावते, अशी ही कारणपरंपरा आहे. तिच्या अखेरच्या टोकावर उभा असलेला वाढपी दोषी ठरतो, तर आरंभीचा आराखडा तपासलाच जात नाही. वाणिज्य, पर्यटन, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विद्याशाखांच्या अध्यापकांना हे उदाहरण एकत्रितपणे शिकविता येण्यासारखे आहे. आपल्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांतील भोजनगृहेही याच भागाकाराने तपासून पाहता येतील.