शेंगेन व्हिसा आणि परिषदेसाठी युरोपला जाणारा प्राध्यापक : नियम व त्यांचा अर्थ

प्रस्तावना

परदेशी विद्यापीठाकडून शोधनिबंध स्वीकारल्याचे पत्र येणे ही महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या दृष्टीने समाधानाची बाब असते. परंतु निबंध स्वीकारणारी संस्था एक असते आणि देशात प्रवेश देणारी यंत्रणा दुसरी असते. या दोहोंतील फरक पुरेसा लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचा प्रवास मुंबईतच थांबतो. विशेषतः ग्रामीण भागातील महाविद्यालयांत, जेथे यापूर्वी कोणी परदेशी परिषदेस गेलेले नसते, तेथे मार्गदर्शनाची सारी भिस्त प्रवासी दलालावर असते. दलाल अर्ज भरून देतो, पण नियमामागील विचार समजावून देत नाही. युरोपातील शेंगेन क्षेत्राच्या अल्पकालीन व्हिसाचे नियम व त्यांमागील तर्क स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पारपत्र व व्हिसा : दोन भिन्न अधिकार

पारपत्र स्वतःचे राज्य देते, व्हिसा परके राज्य देते. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असा निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात समाविष्ट आहे. त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हे तत्त्व अधिक व्यापक केले. मात्र हा हक्क भारतीय नागरिकास भारतीय राज्याविरुद्ध आहे. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. एका टोकास मूलभूत हक्क आणि दुसऱ्या टोकास परक्या अधिकाऱ्याचे समाधान, अशी या प्रवासाची रचना आहे.

ही रचना फार जुनी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा आजच्या अर्थाने व्हिसा त्यांना घ्यावा लागला नव्हता. पहिल्या महायुद्धात संशयापोटी आलेली कागदपत्रांची सक्ती युद्ध संपल्यावर उठली नाही. राष्ट्रसंघाने १९२० साली पॅरिस येथे परिषद घेऊन पारपत्राच्या नमुन्यात एकसूत्रता आणण्याचा प्रयत्न केला, आणि तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायम झाली.

शेंगेन क्षेत्र म्हणजे काय ?

लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या लहानशा गावी १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स या पाच देशांनी आपसांतील सीमातपासणी क्रमाक्रमाने रद्द करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमलबजावणी २६ मार्च १९९५ पासून झाली. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ च्या आरंभी आला. बल्गेरिया व रुमानिया यांचा भूसीमांसह पूर्ण समावेश १ जानेवारी २०२५ पासून झाला. शेंगेन क्षेत्र आणि युरोपीय संघ या एकाच गोष्टी नव्हेत. नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिख्टेनश्टाइन हे संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत, तर आयर्लंड व सायप्रस संघात असूनही शेंगेनबाहेर आहेत. ब्रिटनचा तर या व्हिसाशी कोणताच संबंध नाही. पॅरिसची परिषद आटोपून दोन दिवस लंडनला जावे व परतीचे विमान पुन्हा पॅरिसहून धरावे, असा बेत आखणाऱ्या प्राध्यापकास ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा तर लागतोच. शिवाय शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला निघताक्षणी तो संपतो.

अर्ज कोणाकडे व केव्हा करावा ?

२००९ साली संमत झालेली व ५ एप्रिल २०१० पासून लागू असलेली व्हिसा संहिता हा या विषयातील मूळ दस्तऐवज होय. २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयासाठी सामान्यतः १५ दिवसांची मुदत असून ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्यात तर भेटीची वेळ मिळण्यासच अनेक आठवडे लागतात. त्यामुळे निमंत्रणपत्र हाती येताच तयारीस लागणे श्रेयस्कर.

कालावधी किंवा उद्देश या दृष्टीने ज्या देशातील मुक्काम मुख्य असेल त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. असा मुख्य देश ठरविता येत नसेल तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे जावे. लाइपझिग येथे पाच दिवसांची परिषद व नंतर पॅरिसमध्ये दोन दिवस असा कार्यक्रम असेल, तर विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज जर्मनीकडेच होईल. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तेथे अर्ज करावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. कार्यक्रमपत्रिका व अर्ज यांत विसंगती दिसली की तोच सल्ला अंगलट येतो.

पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा व संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा असावा लागतो. भारतातील अर्जदारांचे बोटांचे ठसे नोव्हेंबर २०१५ पासून घेतले जातात. एकदा दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात.

शुल्क व संशोधकांना असलेली सूट

११ जून २०२४ पासून प्रौढ अर्जदारासाठी शुल्क ९० युरो आहे. ही रक्कम अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही. मात्र संहितेच्या १६ व्या कलमात शालेय, पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी तसेच अभ्याससहलीत त्यांच्यासोबत जाणारे शिक्षक यांना शुल्क माफ आहे. त्याच कलमात वैज्ञानिक संशोधनासाठी, अथवा वैज्ञानिक चर्चासत्र वा परिषद यांत सहभागी होण्यासाठी जाणाऱ्या संशोधकांनाही ही माफी आहे. संशोधकाची व्याख्या करताना विद्यावाचस्पती पदवीबरोबरच त्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळवून देणारी उच्च शैक्षणिक अर्हताही ग्राह्य मानली आहे. म्हणजे पीएच.डी. अद्याप पूर्ण न झालेल्या प्राध्यापकाने आपण या तरतुदीबाहेर आहोत असे गृहीत धरण्याचे कारण नाही. संशोधन संस्थेचे निमंत्रण, कार्यक्रमपत्रिकेतील नाव व महाविद्यालयाचे पत्र जोडून सूट मागावी. निर्णय अर्थातच दूतावासाचा. अर्ज स्वीकारणाऱ्या खाजगी केंद्राचे सेवाशुल्क मात्र वेगळे द्यावे लागते. ही तरतूद आपल्या महाविद्यालयांत जवळजवळ अज्ञात आहे, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

परत येण्याचा हेतू आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक

अर्जासोबतच्या कागदपत्रांची यादी लांबलचक दिसते. तथापि तिच्या मुळाशी चारच प्रश्न आहेत : कशासाठी जाणार, कोठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत येणार कशावरून ? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे निमंत्रणपत्र, निवासाचे आरक्षण व बँकेचा खातेउतारा यांतून मिळतात. चौथा प्रश्न अवघड आहे, कारण त्यात भविष्यकाळातील वर्तनाचा पुरावा मागितलेला असतो. नकाराच्या छापील नमुन्यात परतण्याच्या हेतूविषयी वाजवी शंका हे स्वतंत्र कारणच आहे.

अनुदानित पदावरील पूर्णवेळ प्राध्यापकास या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाते. नियुक्तिपत्र, वेतनपत्रके, मंजूर रजेचा आदेश व संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र जोडले की त्याचे उत्तर पूर्ण होते. महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची स्थिती निराळी. त्याची नियुक्ती सत्रापुरती, मानधन तासांवर, तेही पुष्कळदा विलंबाने एकरकमी जमा होणारे. रजा मंजूर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण रजेचा हक्कच नाही. खातेउताऱ्यात सहा महिने शांतता व मग एकदम मोठी रक्कम दिसली की परक्या अधिकाऱ्यास ती उसनी आणून भरल्यासारखी वाटण्याचा संभव असतो. विद्वत्तेत तसूभरही कमी नसलेला अर्जदार केवळ नोकरीच्या स्वरूपामुळे संशयास पात्र ठरतो. हा दोष मुख्यत्वे आपल्या सेवाव्यवस्थेचा आहे; व्हिसाच्या खिडकीवर तो फक्त उघडा पडतो.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. मानधन केव्हा व कोणत्या कालावधीचे जमा झाले याचा खुलासा करणारे प्राचार्यांचे पत्र, पुढील सत्रातील अध्यापनाचे वेळापत्रक, पीएच.डी. नोंदणीचे पत्र, कुटुंबीयांवरील जबाबदारी दर्शविणारी कागदपत्रे व आयकर विवरणपत्रे यांचा एकत्रित परिणाम होऊ शकतो. आयोजक संस्था निवास किंवा प्रवासखर्च देणार असेल तर तसे निमंत्रणपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावे. दलालाने पुरविलेले बनावट आरक्षण मात्र कदापि जोडू नये. खोटा दस्तऐवज सादर करणे हे नकाराचे आणखी गंभीर कारण आहे, आणि त्यावर सही अर्जदाराची असते, दलालाची नव्हे.

नावाचा प्रश्नही महाराष्ट्रातील अर्जदारांस विशेष भेडसावतो. गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे व वडिलांचे नाव; पारपत्रात आडनावाचा रकाना स्वतंत्र; विवाहित प्राध्यापिकेच्या पदवीपत्रावर माहेरचे नाव व शोधनिबंधावर सासरचे. आयोजकांनी निमंत्रणपत्र निबंधावरील नावाने पाठविले तर एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. म्हणून आयोजकांस आरंभीच पारपत्रातील नाव जसेच्या तसे कळवावे व जुन्या नावासाठी विवाह प्रमाणपत्र वा राजपत्रातील नोंद जोडावी.

दिवसांची मोजणी

व्हिसा मिळाल्यावरही चुका होतात. त्यावर वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. बारा दिवसांच्या कार्यक्रमासाठी पंधरा दिवसांची सवलत धरून वैधता सत्तावीस दिवसांची दिली जाते, पण राहता येते बाराच दिवस. प्रवेशाचा व निर्गमनाचा दिवसही मोजला जातो.

बहुप्रवेश व्हिसाधारकांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हा नियम लागू आहे. ऑक्टोबर २०१३ पासून ही मोजणी सरकत्या पद्धतीने होते. रोजच्या दिवसापासून मागे १८० दिवस पाहिले जातात. समजा, एखादा प्राध्यापक १ ते ३० जून असे ३० दिवस व पुढे १ सप्टेंबर ते ३० ऑक्टोबर असे ६० दिवस तेथे राहिला. ३० ऑक्टोबरला ९० दिवस पूर्ण झाले. ३१ तारखेचा मुक्काम नियमभंग ठरेल. १ जून हा दिवस १८० दिवसांच्या चौकटीबाहेर पडतो तो २८ नोव्हेंबरला, आणि तेव्हाच पुन्हा एक दिवस उपलब्ध होतो. पूर्वी हा हिशेब पारपत्रावरील शिक्क्यांवरून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत तो संगणक करतो. नव्वद दिवसांहून अधिक काळाच्या शिष्यवृत्तीसाठी त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो व तेथे त्या देशाचा स्वतःचा कायदा चालतो.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विमानतळावरील अधिकारी उद्देश, निवास व पैसा यांविषयी पुन्हा विचारू शकतो. तेव्हा निमंत्रणपत्र, विमा व परतीचे तिकीट हातातील पिशवीत असावे. सामानात टाकलेले कागद त्या क्षणी निरुपयोगी ठरतात.

नकार आल्यास

२०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज झाले व त्यांपैकी सुमारे १५ टक्के नाकारले गेले. नकाराचे कारण लेखी कळविणे बंधनकारक असून अपिलाचा हक्कही आहे. पण अपील नाकारणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार चालते. जर्मनीने दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता तेथे नव्याने अर्ज करणे अथवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे, एवढेच मार्ग उरतात. परिषदेची तारीख तोंडावर आलेल्या प्राध्यापकास यांपैकी पहिलाच व्यवहार्य आहे, आणि तोही आधीच्या नकारातील कारण दूर झाले असेल तरच. नकाराची नोंद शेंगेनच्या माहिती प्रणालीत पाच वर्षांपर्यंत राहू शकते. ब्रिटन व कॅनडा यांच्या अर्जांतही पूर्वीच्या नकाराविषयी विचारले जाते. ती माहिती दडविल्यास मूळ नकारापेक्षा मोठे नुकसान होते.

उलटपक्षी, योग्य रीतीने वापरलेला व्हिसा पुढील वाट सोपी करतो. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी घेतलेल्या निर्णयानुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरणाऱ्यास दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो व त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा. त्यामुळे दहा वर्षांचे पारपत्र संपत आले असेल तर पहिल्या परिषदेपूर्वीच त्याचे नूतनीकरण करून घेणे इष्ट.