‘तिसरी’ : एक नाव, अनेक प्राणी

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांच्या निमित्ताने घाटावर स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांत ‘तिसऱ्या’ हा शब्द अद्याप जिवंत आहे. परंतु तो नेमका कोणत्या प्राण्याचा वाचक आहे, याविषयी एकमत आढळत नाही. शिंपले, मुळे, खुबे ही नावे त्याच्या शेजारीच वावरतात व त्यांच्या अर्थाच्या सीमा गावागणिक सरकतात.

प्राणिशास्त्रदृष्ट्या या नावाखाली निदान दोन भिन्न प्राणी येतात. भारतीय ग्रंथांत पॅफिया मलाबारिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या शिंपांवर समांतर वळ्या असतात. मेरेट्रिक्स वंशातील शिंपा जाड, गुळगुळीत व चकचकीत असतात. रत्नागिरीजवळील काळबादेवी, भाट्ये आदी खाड्यांतील वाळूमिश्रित चिखलात अशा प्राण्यांची वस्ती असते. वाळूत शिरण्याची त्यांची रीत मोठी चतुर होय. मांसल पाय खाली सारावयाचा, त्याचे टोक रक्ताने फुगवून नांगरासारखे रोवावयाचे, शिंपा झटकन मिटून पाण्याच्या झोताने भोवतालची वाळू सैल करावयाची आणि मग स्नायू आखडून शरीर खाली ओढावयाचे. वर दोन नळ्या राहतात. एकीतून पाणी आत येते, कल्ल्यांवर त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळल्या जातात व दुसरीतून पाणी बाहेर पडते. या नळ्या आखूड असल्याने प्राणी फार खोल जाऊ शकत नाही. म्हणूनच ओहोटीला वाळू उकरून तो हाती लागतो. मात्र गाळताना खाडीतील रोगजंतूही त्याच्या शरीरात साठतात, हे खवय्यांनी विसरू नये. पावसाळ्यात खारेपणा उतरला की तो शिंपा घट्ट मिटून घेतो. गोडे पाणी फार दिवस टिकल्यास मरतो.

‘शिंप’ हा शब्द संस्कृत ‘शुक्ति’पासून काढण्याचा मोह होतो, परंतु ध्वनिदृष्ट्या पाली-प्राकृतातील ‘सिप्पी’ हेच त्याचे जवळचे मूळ दिसते, आणि हिंदी ‘सीप’ त्याच घरातला. ‘एकशिपी’ या पक्वान्नाच्या नावात तर शरीररचनाच साठविली आहे: एक शिंप टाकून मांस दुसरीवर राखावयाचे.

नावांचा हा घोळ केवळ कोशकाराची अडचण नव्हे. केरळातील अष्टमुडी सरोवरात पॅफिया मलाबारिका या एकाच जातीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवण्यात येते, व २०१४ मध्ये त्या मत्स्यव्यवसायास मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. तसा नियम आपल्या खाड्यांसाठी मराठीत लिहावयाचा झाल्यास त्यात ‘तिसरी’ एवढेच लिहून चालणार नाही. ‘शिंपले’ म्हटल्यास खडकावरची कालवेही त्यात ओढली जातील, आणि शास्त्रीय नाव लिहिल्यास वाळू उकरणाऱ्या बाईला ते कळणार नाही. वळ्यांची तिसरी व गुळगुळीत तिसरी असा भेद तिला डोळ्यांनी आणि बोटांनी करता येतो. नियमातही प्रथम तोच लिहावा, असे आम्हांस वाटते.