मेद, इन्शुलीन आणि हृदय

चाळिशी उलटलेल्या गृहस्थाचें पोट थोडें सुटलें म्हणजे तें सुखवस्तुपणाचें चिन्ह समजण्याची आपल्याकडे चाल आहे. सदऱ्याची गुंडी लागेनाशी झाली तर शिंप्याला बोलावतात, वैद्याला नव्हे. त्या गृहस्थाला कोठें दुखत नसतें, खुपत नसतें. रक्तांतील साखर तपासली तर तीहि पुष्कळ वेळां ठीक निघते. मग अशाच एखाद्या मनुष्याला पन्नाशीच्या आंत हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हां घरचीं माणसें म्हणतात, "काल संध्याकाळपर्यंत तर ते अगदीं धडधाकट होते!" परंतु हा धडधाकटपणा वरवरचा असतो. पोटांतील मेद आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांच्यामध्यें कित्येक वर्षें एक मूक व्यवहार चाललेला असतो. त्या व्यवहाराचें स्वरूप श्रोत्यांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे.

या व्यवहारांतील मुख्य पात्र म्हणजे इन्शुलीन. जठराच्या पाठीमागें स्वादुपिंड नांवाची ग्रंथि असते. तिच्यांतील विशिष्ट पेशीसमूह हें द्रव्य रक्तांत सोडतात. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें निराळें काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लिओनार्ड टॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला तें टोंचून त्याचे प्राण वांचविण्यांत आले. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर स्नायूंनीं आंत घ्यावी, यकृतानें स्वतः साखर करणें थांबवावें, आणि मेदपेशींनीं आपला सांठा बाहेर सोडूं नये, अशा तीन आज्ञा इन्शुलीन देतें.

परंतु आज्ञा देणारा आहे एवढ्यानें भागत नाहीं, ऐकणाराहि हवा. १९३६ सालीं लंडनचे वैद्यकतज्ज्ञ हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं दाखवून दिलें कीं, मधुमेहाचे रोगी दोन जातींचे असतात. कांहींच्या शरीरावर इन्शुलीनचा परिणाम तत्काळ होतो. कांहींच्या शरीरावर तो फारच थोडा होतो. सुश्रुतानें प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगून, पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो असें म्हटलें आहे, त्याची येथें आठवण होते. पुढें १९६० सालीं अमेरिकेंत रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं रक्तांतील इन्शुलीन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हां असें दिसून आलें कीं, प्रौढपणीं मधुमेह जडलेल्या पुष्कळांच्या रक्तांत इन्शुलीन कमी नसून उलट अधिकच असतें. आज्ञा मोठ्यानें दिली जात होती. ती ऐकली जात नव्हती.

स्थूलपणामुळें ही अवज्ञा कां उत्पन्न व्हावी, हें समजण्यास जुन्या घरांतील कणगीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. कातडीखालचा मेद ही शरीराची कणगी होय. खाऊन उरलेलें सत्त्व तींत सांठवावें आणि उपासाच्या दिवशीं काढावें, अशी सृष्टीची योजना आहे. म्हणून मेद हा स्वभावतः शत्रु नव्हे. परंतु कणगी तोंडापर्यंत भरल्यावरहि धान्य येतच राहिलें, तर तें माजघरांत सांडतें, चुलीपाशीं सांडतें, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जातें. शरीरांतहि तेंच घडतें. चरबी यकृतांत, स्नायूंच्या पेशींत आणि आंतड्यांच्या भोंवतीं सांचूं लागते. इन्शुलीन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतें तें पूर्वीप्रमाणेंच; पण तेथून आंत निरोप पोंचविणारी जी साखळी असते, तिच्या कड्या या आगंतुक चरबीच्या द्रव्यांनीं निकामी होतात. शिवाय तट्ट फुगलेल्या मेदांत रक्तांतील पांढऱ्या पेशी ठाण मांडतात व मंद दाह सुरू होतो. त्यानेंहि निरोप अडतो. या अवस्थेला इन्शुलीन-प्रतिरोध म्हणतात. मांड्यांवरील मेदापेक्षां शरीराच्या वरच्या भागांत सांचणारा मेद अधिक घातक, ही गोष्ट फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. झाँ व्हाग यांनीं १९४७ सालींच निदर्शनास आणली होती.

निरोप अडला तरी स्वादुपिंड स्वस्थ बसत नाहीं. एका हांकेनें काम होईना, तर तें चार हांका मारतें. म्हणजे अधिकाधिक इन्शुलीन रक्तांत ओततें. त्यामुळें साखर कित्येक वर्षें मर्यादेंत राहते, आणि तपासणीचा कागद पाहून मनुष्य निश्चिन्त होतो. खरा घात या निश्चिन्तपणांत आहे. कारण शरीराचीं सर्व कार्यें इन्शुलीनला सारख्या प्रमाणांत बधिर झालेलीं नसतात. साखर करणें थांबीव, ही आज्ञा यकृत ऐकत नाहीं. चरबी तयार कर, ही मात्र तें मुकाट्यानें पाळतें. मेदपेशींतून सुटलेलीं स्निग्धाम्लेंहि त्याच्याकडेच येतात. परिणामीं रक्तांत ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी वाढते. कोलेस्टेरॉल परत यकृताकडे वाहून नेणारे एच्.डी.एल्. कण घटतात; आणि एल्.डी.एल्. कण लहान व घट्ट होऊन रक्तवाहिनीच्या भिंतींत शिरतात. इन्शुलीनच्या आधिक्यामुळें मूत्रपिंडें मीठ राखून ठेवतात, म्हणून रक्तदाब चढण्यास मदत होते. निरोगी स्थितींत इन्शुलीनच्या प्रेरणेनें रक्तवाहिनीचें अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनी सैल ठेवतें. तें काम मंदावतें. रक्ताची गुठळी विरघळविण्याची शक्तीहि कमी होते.

अशा रीतीनें हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींत चरबीचे थर बसत जातात. एके दिवशीं एखाद्या थराचें आवरण फाटतें, तेथें गुठळी धरते, आणि हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो. झटका येतो तो क्षणांत. त्याची तयारी मात्र अनेक वर्षांची असते. हीं सर्व लक्षणें एकाच मुळापासून फुटतात, हा विचार अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेरल्ड रीव्हन यांनीं १९८८ सालीं आपल्या बँटिंग व्याख्यानांत मांडला व त्या समुच्चयाला 'एक्स लक्षणसमूह' असें नांव दिलें. लठ्ठपणाचा समावेश मात्र त्यांनीं त्यांत केला नव्हता; कारण सडपातळ माणसांतहि हा प्रतिरोध आढळतो.

हा शेवटचा मुद्दा भारतीयांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुण्याच्या के.ई.एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच, म्हणजे देहभारांक २२.३ होता, परंतु चरबीचें प्रमाण युडकिन यांच्या शरीरांत शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२ भरलें. म्हणून केवळ वजनकांट्यावर विसंबूं नये. दक्षिण आशियांतील लोकांसाठीं कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानलेली आहे. शिंप्याच्या फितीनें ती कोणालाहि घरीं पाहतां येईल.

तथापि सर्व दोष इन्शुलीन-प्रतिरोधावर लादणें न्याय्य होणार नाहीं. तंबाखू, जन्मतःच वाढलेलें कोलेस्टेरॉल, वाढतें वय, हींहि हृद्रोगाचीं स्वतंत्र कारणें आहेत. प्रत्येक स्थूल मनुष्य प्रतिरोधी असतोच असेंहि नाहीं.

समाधानाची गोष्ट ही कीं, सांडलेलें धान्य परत भरतां येतें. वजन थोडें उतरलें तरी यकृतांतील चरबी लवकर कमी होऊं लागते. चालतांना, ओझें उचलतांना आकुंचन पावणारे स्नायु इन्शुलीनच्या आज्ञेवांचूनहि साखर ओढून घेतात. आणि व्यायामानंतर ते कांहीं काळ ती आज्ञा अधिक चांगली ऐकतात. चीनमधील दाचिंग शहरांत १९८६ सालीं, साखर वाढूं लागलेल्या परंतु मधुमेह न झालेल्या लोकांना सहा वर्षें आहार व व्यायाम यांचें वळण लावण्यांत आलें. ३० वर्षांनंतर पाहतां, इतरांच्या मानानें त्यांना मधुमेह सुमारें ४ वर्षें उशिरा झाला, आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार सुमारें शेंकडा २६ नीं कमी आढळले. उलट, अमेरिकेंत मधुमेह आधींच जडलेल्या लोकांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगांत वजन उतरूनहि हृदयविकारांत असा फरक दिसला नाहीं, व तो २०१२ सालीं थांबविण्यांत आला. त्या रोग्यांना व्यायामाचे दुसरे लाभ झाले. तरी लवकर सुरुवात करणें श्रेयस्कर, हें यावरून सुचतें.

म्हणून ज्यांची कंबर वाढली आहे, त्यांनीं साखरेबरोबर रक्तदाब, ट्रायग्लिसराइड व एच्.डी.एल्. हींहि तपासून घ्यावीं, आणि वैद्याच्या सल्ल्यानें आहार व चालणें यांचा नेम धरावा. पोट सुटलेलें आहे, पण अजून कोठें दुखत नाहीं, असा जो काळ, तोच उपाय करण्याचा काळ होय. तो गृहस्थ घरांत एकटाच मिळविता असेल, तर त्याच्या या नेमावर साऱ्या कुटुंबाचें सौख्य अवलंबून आहे, हें त्यानें आणि घरच्या मंडळींनीं विसरूं नये.