फोटोतला चोरकप्पा

आमच्या जुन्या शिसवी कपाटाला एक चोरकप्पा होता. परवा नातीने तसाच कप्पा आमच्या लग्नाच्या, स्कॅन केलेल्या फोटोत करून दाखवला. संगणकावरचे चित्र म्हणजे असंख्य ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे ० ते २५५ मधले आकडे. २०० चा २०१ केला तर डोळ्यांना कळत नाही. पण अशा सम-विषम आकड्यांतून अख्खे पत्र लिहिता येते. २०१० साली अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांवर हीच युक्ती वापरल्याचा आरोप होता.

मीही हौसेने बँकखात्यांचा तपशील त्यात दडवून फोटो मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो पोहोचला, मजकूर नाही! वाटेत चित्र आवळले जाते, आकडे बदलतात.

"आणि आजोबा, लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे," नात म्हणाली. "आधी मजकूर सांकेतिक करायचा, मग दडवायचा."

मला बँकेतले दिवस आठवले. नवऱ्याच्या ठेवींचा पत्ताच नसलेल्या किती बायका माझ्या टेबलासमोर रडल्या! चोरांपासून लपवलेले घरच्यांपासूनही लपले होते.

त्या रात्री हिला शेजारी बसवून सगळी खाती सांगितली. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो; घरातल्या गुपितालाही दुसरा जाणता माणूस हवाच.