अल्टरनेटर बदलण्यापूर्वी आणि बदलताना



गव्हाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्याची गव्हाण येते. हंगामाची पहिली मोळी पडते ती तिथेच. माझी सासुरवाडी मात्र गव्हाण नावाच्या गावी, पनवेल तालुक्यात. तिथे ऊस नाही. भाताची खाचरे, खाडी आणि खारा वारा. आता शेजारी उलव्याच्या उंच इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. या गव्हाणला गेल्या मे महिन्यात माझी फजिती झाली. ज्यांच्या दारात जुनी मोटार, जीप किंवा ट्रॅक्टर आहे त्यांच्या ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

सासऱ्यांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी. त्यांच्याच नावाचे वालचंदनगर आपण साखरेमुळे ओळखतो. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाल्या, पण घरगुती पद्मिनी काहींनी अजून जिवापाड जपल्या आहेत.

एका रात्री सासूबाईंना दम लागला. किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता कण्हला. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्यांना पनवेलला न्यावे लागले. त्या बऱ्या झाल्या, पण सासरे म्हणाले, "जावईबापू, अडीनडीला उपयोगी पडत नसेल तर ही गाडी ठेवायची कशाला?"

बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच नवी घेतलेली. म्हणजे अल्टरनेटर गेला, असे मी ठरवून टाकले. दुसरा आणला, अंगणात बसवला आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरली! ऊस पिवळा दिसला की युरियाचे पोते फोडू नका, आधी केवडा आहे का ते पाहा, असे तुम्हाला बांधावर उभे राहून सांगणारा मी. पण स्वतः तेच केले होते.

चार्जिंग कसे होते?

इंजिनावरचा पट्टा अल्टरनेटर फिरवतो. आत तयार होणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. डायोड तिला एका दिशेची करतात आणि रेग्युलेटर तिचा दाब आवरून धरतो. ही वीज जाड तारेने बॅटरीच्या धन टोकाकडे जाते आणि तिची परतीची वाट म्हणजे इंजिन, अर्थिंगची पट्टी व बॅटरीचे ऋण टोक. पाटाला पाणी असून चारी फुटलेली असेल तर उसाला पाणी मिळत नाही, तसेच यातील एक सांधा खराब झाला तरी बॅटरी उपाशी राहते.

बदलण्यापूर्वी तपासा

साधा मल्टिमीटर पुरतो.

१) गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली असेल तर ती आधी बाहेरून चार्ज करून घ्यावी.

२) इंजिन जरा रेस करून बॅटरीवर पाहा. साधारण १३.८ ते १४.४ हवेत. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून खराब होईल.

३) इंजिन बंद असताना पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा. अर्धा इंचाच्या आसपास दबावा. ढिला पट्टा घसरतो, फार ताणलेला बेअरिंग खातो.

४) किल्ली चालू करताच चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. बल्ब उडालेला असेल तर चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही.

५) इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा. ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त व्होल्ट दिसले तर अर्थिंग खराब. अल्टरनेटरचे जाड तारेचे टोक आणि बॅटरीचे धन टोक यांमध्येही असेच पाहावे. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवे.

आमचे दुखणे पाचव्या कलमात निघाले. तिथे एक व्होल्टहून जास्त फरक होता. खाऱ्या हवेने अर्थिंगची पट्टी हिरवी पडून आतून कुजली होती. स्टार्टर मारताना चोकची तार गरम लागत होती, कारण वीज तिथून वाट काढत होती. ती खूण मी पाहूनही सोडून दिली होती. नवी पट्टी टाकली, दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासली आणि आकडा १४.१ वर आला. जुना अल्टरनेटर इलेक्ट्रिशियनकडे तपासला तर तो ठणठणीत!

खरोखरच बदलावा लागला तर

१) अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवा. जाड तारेत किल्ली बंद असतानाही वीज असते. पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडून हात भाजतो.

२) तारा सोडवण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. मोबाइल असेल तर फोटो काढा.

३) वरच्या खाचेच्या पट्टीचा बोल्ट ढिला करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, पट्टा उतरवा. मग खालचा लांब बोल्ट काढा. अल्टरनेटर जड असतो, खालून हात द्यावा.

४) नवा अल्टरनेटर जुन्याशेजारी ठेवून कान, पुली आणि तारांची टोके जुळतात का पाहा. पुली तिरकी बसली तर पट्टा टिकत नाही.

५) बसवून पट्टा ताणा, बोल्ट आवळा, तारा जोडा. ऋण टोक सर्वांत शेवटी. बॅटरीची टोके उलटी लागली तर डायोड क्षणात जळतात.

६) इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग पाहण्याची" जुनी सवय सोडा. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरचे डायोड त्याने जातात.

फार जुन्या गाडीत डायनॅमो असेल आणि त्या जागी अल्टरनेटर घालायचा असेल, तर जुना कटआउट बाजूला करून वायरिंग बदलावे लागते. ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

शेवटी ऊस वाहतूकदार सभासदांना एक विनंती. ट्रॅक्टरचे चार्जिंग गेले की दिवे मंद होतात. रात्री भरलेली ट्रॉली मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही आणि मग काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मोळी पडण्यापूर्वी वरील पाच तपासण्या करा. लागतो तो एक मीटर आणि अर्धा तास. आमच्या घरी त्या रात्री वेळ निभावली. रस्त्यावर तशी निभावेलच असे नाही.